संसार आणि शास्त्र : अटींचें व्याकरण

ठाणें आणि कल्याण-डोंबिवली येथील शिकलेल्या घरांचा उद्योग दोन-तीन पिढ्यांत पुष्कळ बदलला. आजोबा मुंबईच्या कचेरींत बसून खतावण्या लिहीत. वडील बँकेंत किंवा विमा कंपनींत त्याच खात्यांचे नियम राबवीत. आतां मुलगा, लेक किंवा सून तेच नियम संगणकास कळतील अशा भाषेंत लिहून देते. कोणी सकाळच्या गाडीनें ऐरोलीस किंवा पवईस जातें, कोणी घरांतच एका कोपऱ्यांत मेज मांडून बसतें. त्यामुळें पूर्वीं कधीं न ऐकलेले शब्द रात्रीच्या पंक्तीला येऊं लागले आहेत. ‘सिंटॅक्स एरर’ हा त्यांपैकीं एक. पानें मांडून झालेलीं असतात, वरणभात निवत असतो, आणि आंतल्या खोलींतून उत्तर येतें, “आई, तुम्ही बसा, माझी एक एरर निघत नाहीं.” वडील मंडळींना वाटतें, यंत्र बिघडलें असावें, धाकट्यांना वाटतें, आपलीच बुद्धि चालेनाशी झाली. वस्तुतः दोहोंपैकीं कांहींच झालेलें नसतें. एक वाक्य व्याकरणाच्या बाहेर गेलेलें असतें, इतकेंच.

हा विषय केवळ नोकरी करणाऱ्यांचा आहे असें समजून इतरांनीं पान उलटूं नये, अशी आमची विनंति आहे. आमचीं मुलें ज्या अटी लिहितात त्यांवर कोणाचें कर्ज, कोणाचा दवाखान्याचा दावा, कोणाची सवलत अवलंबून असते. तो ‘कोणी’ उद्यां आपल्याच घरांतला असूं शकतो.

पूर्वींच्या कचेरींत नियमांचें एक बाड असे आणि तें पाहून निर्णय देणारा एक कारकून असे. नियम बदलला तर नवें परिपत्रक बाडांत चिकटवीत. कारकून बदलण्याचें कारण पडत नसे. संगणक आल्यावर आरंभीं नियम प्रोग्रामच्या पोटांतच शिवलेले असत. व्याजाचा दर पाव टक्क्यानें हलला तरी सारें उसवून पुन्हां शिवावें लागे. ‘रूल्स इंजिन’, ज्याला आम्ही येथें नियमयंत्र म्हणूं, यानें बाड आणि कारकून पुन्हां वेगळे केले. ‘अमुक असेल तर तमुक करावें’ अशीं वाक्यें बाहेर लिहून ठेवावयाचीं आणि समोर आलेल्या अर्जाला त्यांतलें कोणतें लागूं पडतें तें यंत्रानें पाहावयाचें, अशी ही व्यवस्था आहे.

तिचा इतिहास फार जुना नाहीं. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत १९७० नंतरच्या दशकांत ‘मायसिन’ नांवाचा प्रोग्राम तयार झाला. रक्तांतील जंतुसंसर्गावर कोणतें औषध द्यावें हें तो सुचवीत असे, आणि त्यांत असे सुमारें ६०० नियम होते. नियम वाढले कीं प्रत्येक वेळीं सगळे तपासणें जड जातें. चार्ल्स फोर्जी यांनीं कार्नेगी मेलन विद्यापीठांतील आपल्या १९७९ च्या प्रबंधांत यावर एक युक्ति मांडली: अटींचें एक जाळें विणून ठेवावें, म्हणजे तीच अट पुन्हां पुन्हां तपासावी लागत नाहीं. तिला त्यांनीं ‘जाळें’ याच अर्थाचें ‘रीटी’ हें लॅटिन नांव दिलें. ‘ड्रूल्स’सारखीं आजचीं कित्येक नियमयंत्रें याच युक्तीच्या वंशांतील आहेत.

उदाहरण आपल्या परिचयाचें घेऊं. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळानें ऑगस्ट २०२२ मध्यें ७५ वर्षें पूर्ण झालेल्यांना एस्.टी.चा प्रवास विनामूल्य केला. ६५ ते ७५ या वयांतील ज्येष्ठांना अर्धें भाडें ठेवलें. आणि मार्च २०२३ मध्यें स्त्रियांनाही अर्धें भाडें लागूं केलें. कल्याणच्या एस्.टी. स्थानकावर उभ्या असलेल्या कोणाही प्रवाशाला हे तीन नियम एकदां ऐकून कळतात. यंत्राच्या बाडांत मात्र ज्येष्ठांचा अर्ध्या भाड्याचा नियम साधारणपणें असा लिहावा लागेल:

जेव्हां प्रवासी ( वय >= ६५ && वय < ७५ )
तेव्हां भाडें = मूळभाडें / २

येथें && म्हणजे ‘आणि’, || म्हणजे ‘किंवा’, आणि >= म्हणजे ‘इतकें किंवा अधिक’. शब्द व अंक आम्हीं वाचकांच्या सोयीसाठीं मराठींत छापले आहेत. यंत्रापुढें ते बहुधा इंग्रजींत जातात.

आतां हें दोन ओळींचें वाक्य यंत्र कसें वाचतें? तें डावीकडून एकेक चिन्ह उचलतें, आणि प्रत्येक चिन्हानंतर पुढें काय काय येणें शक्य आहे हें त्याच्याजवळच्या व्याकरणांत पाहतें. अशीं व्याकरणें नेमक्या सूत्रांत लिहिण्याची पद्धति जॉन बॅकस यांनीं १९५९ सालीं मांडली, आणि पीटर नाउर यांनीं ‘अल्गोल’ या भाषेच्या १९६० च्या अहवालांत ती वापरली. आमच्या वाचकांस कौतुक वाटेल अशी गोष्ट पुढेंच आहे. १९६७ सालीं पी. झेड्. इंगरमन यांनीं संगणकशास्त्राच्या एका प्रतिष्ठित अमेरिकन मासिकांत पत्र लिहून सुचविलें कीं, असें लेखनतंत्र पाणिनीनें पुष्कळ शतकें आधींच योजलेलें असल्यामुळें या पद्धतीला ‘पाणिनि-बॅकस’ असें नांव द्यावें. सुमारें चार हजार सूत्रांत एक सबंध भाषा बांधणारा तो वैयाकरण ज्यांनीं थोडासा तरी पाहिला आहे, त्यांना नियमयंत्राचें हें व्याकरण परकें वाटण्याचें कारण नाहीं. फरक इतकाच कीं, आपल्या घरांतील माणूस ‘मी जातों घरीं’ आणि ‘घरीं मी जातों’ हीं दोन्ही वाक्यें समजून घेतो. यंत्र फक्त आपल्या सूत्रांत बसणारेंच वाक्य घेतें, आणि न बसणाऱ्या पहिल्या चिन्हाशीं थबकतें.

या ‘थबकण्यांत’च बहुतेकांचा गोंधळ होतो. यंत्र जेथें अडलें ती जागा तें सांगतें. चूक जेथें आहे ती जागा त्यालाही ठाऊक नसते. वरील नियमांत ७५ च्या पुढचा कंस राहून गेला असें समजा. यंत्र पुढें वाचीत जातें, कारण कंसाच्या आंत अजून कांहीं अट येणें शक्य आहे. पुढच्या ओळीवर त्याला ‘तेव्हां’ हा शब्द भेटतो. कंसाच्या आंत हा शब्द व्याकरणाला मान्य नाहीं. म्हणून तें दुसऱ्या ओळीकडे बोट दाखवितें. लिहिणारा दुसरी ओळ दहा वेळां वाचतो. तिच्यांत कांहींच चुकलेलें नसतें. म्हणून पहिला धडा असा कीं, बोट दाखविलेल्या जागेपासून मागें वाचीत जावें. चूक जवळजवळ नेहमींच त्या जागीं किंवा तिच्या आधीं असते, नंतर क्वचितच.

ड्रूल्सच्या तक्रारींचे शब्दही समजून घेण्याजोगे आहेत. ‘मिसमॅच्ड इनपुट’ असें तें म्हणतें तेव्हां त्याचा अर्थ, ‘येथें मी एका विशिष्ट चिन्हाची वाट पाहत होतों आणि दुसरेंच आलें’. पुढें बहुधा कोणतें चिन्ह हवें होतें तेंही सांगितलेलें असतें, तें अवश्य वाचावें. ‘नो व्हायेबल ऑल्टरनेटिव्ह’ म्हणजे, ‘येथून पुढें जाण्याच्या जितक्या वाटा मला ठाऊक आहेत त्यांपैकीं एकही जुळत नाहीं’. हें बहुधा ‘जेव्हां’, ‘तेव्हां’ यांसारखा राखीव शब्द चुकीचा लिहिल्यानें होतें. पडद्यावर एकदम बारा तक्रारी उमटल्या तर त्यांतील पहिली तेवढी खरी मानावी. पहिल्या अडखळण्यानंतर यंत्राचा वाक्याचा धागा सुटलेला असतो आणि पुढच्या अकरा तक्रारी बहुधा त्या एकाच चुकीचीं पिलें असतात. पहिली दुरुस्त करावी, पुन्हां चालवून पाहावें, मग दुसरीकडे वळावें.

डोळ्यांना न दिसणाऱ्या चुका याहून त्रासदायक असतात, आणि मराठी माणसाच्या वांट्याला त्या जरा अधिकच येतात. अट आधीं टिपणांत किंवा पत्रांत लिहिलेली असते आणि तेथून उचलून यंत्रांत चिकटविली जाते. वर्ड हा प्रोग्राम सरळ अवतरणचिन्हांच्या जागीं शोभेचीं वळणदार चिन्हें घालतो. छापील पानाला तीं शोभतात. पण यूनिकोड या अक्षरकोष्टकांत सरळ चिन्हाचा क्रमांक ३४ आहे आणि वळणदार चिन्हांचे ८२२० व ८२२१ आहेत. यंत्राच्या लेखीं हीं तिन्ही संपूर्ण निराळीं अक्षरें होत. तीच गोष्ट अंकांची. मराठी कळफलक चालू राहिला आणि ‘६’ हा अंक मराठींत उमटला, तर त्याचा क्रमांक २४१२; इंग्रजी सहाचा क्रमांक ५४. आपण दोहोंना सहाच म्हणतों. अटींत मराठी सहा आढळला तर बहुतेक नियमयंत्रें त्याला संख्या मानीत नाहींत. आणि सर्वांत फसवा तो दंड. ‘किंवा’साठीं लागणाऱ्या || या उभ्या रेघा आणि आपल्या श्लोकाच्या शेवटीं येणारे ।। हे दंड पडद्यावर जुळ्या भावंडांसारखे दिसतात. दंड घातला कीं यंत्र अडतें, आणि पाहणाऱ्याला मात्र वाक्य निर्दोष भासतें. अशा वेळीं उपाय एकच: संशय असलेली ओळ पुसून, कळफलक इंग्रजीवर आणून, ती स्वतःच्या बोटांनीं पुन्हां लिहावी. चिकटविलेली ओळ पुन्हां चिकटविल्यानें कांहीं साधत नाहीं.

बरोबरीचें चिन्ह हाही असाच एक सांपळा आहे. एक्सेलच्या कोष्टकांत, तसेंच २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘डीएमएन्’ या प्रमाणांतील ‘फील’ नांवाच्या भाषेंत, ‘बरोबर आहे काय’ हें विचारण्यास = असें एकच चिन्ह लागतें. ड्रूल्समध्यें त्याच प्रश्नाला == अशीं दोन लागतात, कारण तेथें एकट्या चिन्हाचा अर्थ ‘ही किंमत ठेव’ असा होतो. एका भाषेंतून दुसरींत गेलेल्या माणसाची येथें हमखास चूक होते. म्हणून ज्या यंत्रावर काम करावयाचें, त्यांत निर्वेध चालत असलेला एक लहानसा नियम जवळ उघडा ठेवावा आणि आपला नियम त्याच्याशीं चिन्हाला चिन्ह लावून ताडून पाहावा. लहानपणीं कित्ता गिरविला त्यांतलाच हा प्रकार आहे.

यानंतर येतो तो अध्याहार. ‘वय पासष्टाहून अधिक आणि पंचाहत्तराहून कमी’ असें आपण बोलतों. दुसऱ्यांदा ‘वय’ म्हणत नाहीं, आणि ऐकणारा तें मनांत घालून घेतो. ड्रूल्ससारखें एखादें यंत्र इतका अध्याहार चालवूनही घेतें; पण इतर अनेक ठिकाणीं ‘वय >= ६५ && < ७५’ असें लिहिलें कीं यंत्र दुसऱ्या चिन्हाशीं थांबतें, कारण ‘कशाहून कमी’ याचें उत्तर त्याला मिळत नाहीं. याचाच दुसरा अवतार अधिक गंभीर आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्याचें विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. ज्या अटींत केवळ ठाण्याचें नांव होतें तेथें पालघरचें नांव घालण्याची गरज पडली असें समजा. घाईनें लिहिणारा लिहून जातो:

जिल्हा == "ठाणे" || "पालघर"

मराठींत याचा अर्थ स्वच्छ आहे. यंत्र मात्र हें असें वाचतें: ‘जिल्हा ठाणे आहे, किंवा, पालघर.’ पालघरचें काय, तें वाक्यांत सांगितलेलें नाहीं. शिस्तीचें यंत्र येथें अडतें आणि लिहिणाऱ्याला चूक कळते. परंतु जावास्क्रिप्टसारख्या कांहीं सैल भाषांत, रिकामा नसलेला कोणताही शब्द ‘होय’ समजला जातो. मग ही अट अमरावतीच्या माणसालाही लागूं पडते आणि साताऱ्याच्याही. तक्रार एकही उमटत नाहीं. बरोबर रूप असें आहे: जिल्हा == "ठाणे" || जिल्हा == "पालघर". कंटाळा न करतां ‘जिल्हा’ दोनदां लिहावा.

नांवांच्या लेखनाविषयींही येथेंच सांगून ठेवतों. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालापासून चालत आलेलें आहे. अशा कोणत्याही ग्रंथालयांत पुस्तकाचें नांव नोंदींत एका अक्षरानें चुकलें, तर पुस्तक कपाटांत असूनही वाचकाला सांपडत नाहीं. यंत्राची गत तीच. एका नोंदींत ‘ठाणे’, दुसऱ्या जुन्या नोंदींत ‘ठाणें’. कोठें ‘डोंबिवली’, कोठें ‘डोंबीवली’. आपल्याला दोन्ही एकच गांव. यंत्राला तीं निरनिराळीं गांवें आहेत. या चुकीला व्याकरणदोष म्हणतां येत नाहीं, आणि म्हणूनच यंत्र तिच्याविषयीं अवाक्षर काढीत नाहीं. अर्ज निमूटपणें बाजूला पडतो.

एवढ्यावरून सूज्ञ वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल कीं, ज्या एररवर आपण चिडतों ती सर्वांत निरुपद्रवी चूक होय. कल्याण जंक्शनाच्या पुढें कसाऱ्याची आणि कर्जतची वाट वेगळी होते. तेथील सिग्नलामागची व्यवस्था अटींवरच चालते: सांधा योग्य बाजूला बसलेला असावा, पुढची वाट मोकळी असावी, तिला आडवी जाणारी दुसरी वाट त्याच वेळीं दिलेली नसावी. या सर्व अटी जुळल्याशिवाय गाडीला वाट मिळत नाहीं. शंका असेल तेथें दिवा तांबडाच राहतो. तांबडा दिवा पाहून डब्यांतले लोक कुरकुरतात. पण त्यांचे प्राण त्या दिव्यानेंच राखलेले असतात. सिंटॅक्स एरर हा असाच तांबडा दिवा आहे. भय बाळगावें तें व्याकरण शुद्ध आणि अर्थ भलता, अशा वाक्याचें.

असें वाक्य जन्माला येण्याची सर्वांत मोठी जागा म्हणजे ‘आणि’ व ‘किंवा’ यांची सरमिसळ. एखाद्या पतपेढीनें ठराव केला आहे असें समजा: ‘ठाणें जिल्ह्यांत राहणाऱ्या स्त्रिया किंवा ज्येष्ठ नागरिक यांना ठेवींवर अर्धा टक्का अधिक व्याज द्यावें.’ जिल्ह्याची अट केवळ स्त्रियांना आहे कीं ज्येष्ठांनाही आहे? ठराव करणाऱ्यांच्या मनांत कदाचित् याचें स्पष्ट उत्तर असेल; वाक्यांत नाहीं. अट लिहिणारीनें ती ‘ठाणेकर && स्त्री || ज्येष्ठ’ अशी उतरविली तर यंत्र तिला बिनतक्रार घेईल, कारण व्याकरण शुद्ध आहे. परंतु बहुतेक सर्व भाषांत ‘आणि’चा जोड ‘किंवा’हून घट्ट असतो, गुणाकार जसा बेरजेच्या आधीं करावयाचा, तसा. म्हणजे यंत्र आधीं पहिलीं दोन पदें बांधतें आणि ज्येष्ठाला मोकळा सोडतें. नौपाड्यांतील एखाद्या घरांत, जन्मभर संस्कृत शिकविलेल्या सासऱ्यांना सून ही अट वाचून दाखविते आहे, अशी कल्पना करा.

“अण्णा, ‘ठाण्याची राहणारी आणि स्त्री, किंवा ज्येष्ठ’ असं लिहिलंय.”

“मग सूनबाई, नागपूरच्या ज्येष्ठाला व्याज मिळेल कीं नाहीं?”

“नाहीं मिळायला पाहिजे, अण्णा.”

“तुझ्या वाक्यांत तर मिळतंय. समास कुठं सोडवायचा तें आधीं ठरव.”

ज्येष्ठांना संगणकाची एक कळही दाबतां येत नसली तरी हा प्रश्न विचारतां येतो, आणि तो फार मोलाचा आहे. उत्तर कंसांत आहे: ‘ठाणेकर && ( स्त्री || ज्येष्ठ )’. यंत्राला गरज नसली तरी कंस घालावे. पुढें ती अट वाचणाऱ्या माणसाला त्यांची गरज असते. आणि ठरावाचा अर्थच दुहेरी असेल, तर सुनेनें आपल्या मनानें एक निवडूं नये. ठराव करणाऱ्यांकडून लेखी खुलासा मागावा.

नकार आला कीं गुंता दुणावतो. ‘अर्जदार धूम्रपान व मद्यपान करणारा नसावा’ हें विम्याच्या अर्जांत शोभेल असें वाक्य घ्या. दोहोंपैकीं एकही व्यसन चालणार नाहीं, कीं दोन्ही एकत्र असलेलीं तेवढीं चालणार नाहींत? यंत्राच्या भाषेंत पहिला अर्थ ‘!धूम्रपान && !मद्यपान’ असा लिहितात, दुसरा ‘!( धूम्रपान && मद्यपान )’ असा. दोन्ही शुद्ध, पहिल्यानें केवळ विडी ओढणारा बाहेर जातो, दुसऱ्यानें आंत येतो. हा प्रश्न पोरखेळाचा नाहीं. अमेरिकेंतील २०१८ च्या एका कायद्यांत, सक्तीच्या किमान शिक्षेंतून सूट मिळण्यासाठीं आरोपीच्या पूर्वचरित्रांत तीन गोष्टी नसाव्यात, असें ‘आणि’नें जोडून लिहिलेलें होतें. तिन्ही एकत्र नसाव्यात, कीं तिन्हींपैकीं एकही नसावी? पल्सिफर नांवाच्या आरोपीच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें मार्च २०२४ मध्यें सहा विरुद्ध तीन अशा मतांनीं दुसरा अर्थ स्वीकारला. देशांतील नऊ श्रेष्ठ न्यायमूर्तींचें जेथें एकमत झालें नाहीं, तेथें यंत्र क्षणार्धांत एक अर्थ धरून पुढें चालूं लागतें, आणि आपण निवड केली हें कोणास सांगतही नाहीं.

राहिला प्रश्न दोन नियम एकाच माणसाला लागूं पडण्याचा. ८० वर्षांच्या आजीबाई एस्.टी.त चढल्या. स्त्री म्हणून अर्धें भाडें, वयामुळें विनामूल्य. दोन्ही अटी खऱ्या. वाहकाला हें सांगावें लागत नाहीं. यंत्राला सांगावें लागतें. ड्रूल्समध्यें नियमाला अग्रक्रमाचा अंक देतां येतो. डीएमएन्‌च्या कोष्टकांत ‘पहिला जुळेल तो घ्यावा’ किंवा ‘एकाहून अधिक जुळतां कामा नयेत’ अशी शिस्त आधीं ठरवितां येते. दोन सूत्रांचा असा विरोध पाणिनीलाही दिसला होता आणि त्यानें त्यासाठीं स्वतंत्र सूत्रच केलें. परंपरेनें त्याचा अर्थ ‘क्रमानें नंतर आलेलें सूत्र बलवान्’ असा घेतला. ऋषि राजपोपट यांच्या केंब्रिज विद्यापीठांतील प्रबंधानें २०२२ सालीं ‘शब्दाच्या उजव्या भागाला लागणारें सूत्र बलवान्’ असा निराळा अर्थ मांडला आणि विद्वानांत पुन्हां चर्चा सुरू झाली. अग्रक्रम सांगणारें वाक्यही निःसंदिग्ध असावें लागतें, हा त्यावरून घ्यावयाचा बोध.

या सर्वांतून घरांत लिहून ठेवण्याजोगा क्रम असा निघतो. अट यंत्रांत घालण्यापूर्वीं ती स्वच्छ मराठींत, अध्याहार न ठेवतां लिहावी. मग ती दुसऱ्या कोणास वाचून दाखवावी; ऐकणारा संगणकाच्या धंद्यांतला नसला तर अधिक चांगलें. यंत्रांत घालतांना प्रत्येक कंस उघडतांच त्याचा जोडीदारही लगेच लिहावा आणि मग मध्यें मजकूर भरावा. पांच पदांची अट एकदम न घालतां आधीं एक पद चालवून पाहावें, मग दुसरें जोडावें; म्हणजे अडलें तर कोणत्या पदानें, हें आपोआप कळतें. तयार लांब अट अडली तर तिचा अर्धा भाग काढून पाहावा; तरीही अडली तर चूक उरलेल्या अर्ध्यांत, न अडली तर काढलेल्या अर्ध्यांत. अशा रीतीनें चार-पांच पायऱ्यांत तीस ओळींतून एक ओळ हातीं येते. मात्र अर्ध्या ठिकाणीं तोडतांना कंसांच्या जोड्या मोडूं देऊं नयेत.

आणि यंत्रानें मुकाट्यानें अट स्वीकारली म्हणून उठून जाऊं नये. सीमेवरचीं माणसें उभीं करून पाहावीं: वय ६४, ६५, ७४, ७५, ७६, एक पुरुष, एक स्त्री, एक ठाण्याचा, एक पालघरचा, एक नागपूरचा. प्रत्येकाचें उत्तर आधीं कागदावर हातानें लिहावें आणि मग यंत्राचें उत्तर त्याच्याशीं ताडावें. उलट क्रमानें केल्यास यंत्राचें उत्तर पाहूनच आपल्याला तें बरोबर वाटूं लागतें. ‘पंचाहत्तर’ कोणत्या बाजूला पडतात, हा एकच प्रश्न कित्येक तंटे वांचवितो; < आणि <= यांत एका रेघेचा फरक आहे, आणि त्या रेघेवर ज्याला आज पंचाहत्तर वर्षें पुरीं झालीं अशा एका माणसाचें तिकीट अवलंबून आहे.

घरांतील वडील मंडळींनीं यांत आपला भाग ओळखावा. ज्यांनीं मृत्युपत्रांचे मसुदे वाचले, संस्थांच्या घटना लिहिल्या, मुलांकडून विग्रह करवून घेतले, त्यांना ‘आणि’ व ‘किंवा’ यांचें बळ ठाऊक आहे. तरुणांना यंत्राचीं चिन्हें ठाऊक आहेत. दोघांनीं एकत्र बसून एक अट वाचली तर पंधरा मिनिटें जातील. न वाचली तर ज्याला आपण कधीं पाहिलेलें नाहीं अशा एखाद्या गृहस्थाचा रास्त दावा नामंजूर होऊन पडेल, आणि कां झाला हें त्याला कोणी सांगूं शकणार नाहीं. यंत्र अडलें तर शांतपणें मागें वाचावें. यंत्र न अडतां पुढें गेलें तर दुप्पट लक्षपूर्वक वाचावें. कारण व्याकरण तपासण्याचें काम त्याचें असलें तरी न्याय तपासण्याचें काम अट लिहिणाऱ्याकडेच राहतें.